पणजीचं पोलकं

“कुणाचा विश्वास बसणार नाही, पण अननसाच्या धाग्याचं हे पोलकं माझ्या पणजीनं स्पॅनिश अमदानीत घातलं होतं!” जीपनीच्या, म्हणजे प्रवासी जीपच्या, रांगेत सेफाआजी हातातलं पोलकं दाखवत शेजारणीला सांगत होत्या. सकाळपासून भरतकाम करून डोळे चुरचुरत असलेली क्लेरिंग मागे उभी होती.

“मग लेकींना द्या की, आजी,” शेजारीण म्हणाली.

“तिघी परदेशात. म्हणतात, टोचतं. आज संग्रहालयानं जुनं म्हणून ठेवून घेतलं, तर मी सुटले. नाहीतर माझ्यामागे याचं पायपुसणं होणार.”

“अगं बाई!”

“पुरात पणजी या फुगीर बाह्यांवर तरंगत चर्चपर्यंत गेली होती!”

क्लेरिंगनं थकल्या बोटांनी बाही उलटली.

“आजी, या डावखुऱ्या गाठी गावात फक्त माझ्या. हे पोलकं मीच भरलंय, वीस वर्षांपूर्वी.”