भट्टीचं दार

—बसा न भाऊ, तुमच्या पाण्याच्या गुंडाची गळती काढून देतो, फक्त त्या रुळाले पाय नका लावू. हाव, रूळच हायेत. पितळेचं इंजिन बनवलं मी — हातभर, खऱ्या वाफेवर चालते. आगीले प्रोपेन गॅस, वेल्डिंगवाल्या ताराचंदची छोटी टाकी आणली. कोळसा काहून नाही? भट्टी माचिसच्या डब्बीएवढी, कोळसा तिच्यात तग धरत नाही — बाबानंच सांगतलं. बाबा, म्हणजे श्यामराव, नागभीडच्या छोट्या रेल्वे लायनीवर सत्तावीस वर्षं इंजिनात कोळसा टाकणारे फायरमन होते. खोकल्यानं घरी बसवलं. तवापासून कोणाशी धड बोलत नाही. मले वाटलं, हे इंजिन चालताना पाह्यतील तर — जाऊ द्या.

आता गॅसले हवा मोजून लागते. हवेचं भोक केसभर मोठं झालं की आग घुरघुरते, लहान झालं की पिवळी पडते. चार महिने गेले त्याच्यात. शेवटी जमलं. पाणी गुणगुणून राहिलं, वाफेच्या दाबाचा काटा चढून राहिला — अन् बाबा वाकले, चिमट्यानं भट्टीचं दार उघडलं. फक्कन आग गुल. काहून उघडलं म्हटलं, तर म्हणते, आगीचा रंग पाह्यल्याबिना गाडी कशी सोडायची? सात डाव झालं असं. सात. म्हटलं बाबा, ही निळीच रायते, पाह्यासारखं काही नाही तिच्यात. ऐकते कोण.

मंग मी दाराले रिबिट ठोकून ते पक्कं बंद केलं. आठव्या डावाले बाबानं चिमटा लावला, दार हालेना. चिमटा जागच्या जागी ठेवला अन् अंगणात बाजेवर जाऊन बसले.

इंजिन? चाललं न, काल. अकरा चक्कर, एकदाही विझलं नाही. शिट्टी दिली — दोनदा दिली. बाबा बाजेवरून उठले नाही. मी एकटाच पाहून राहिलो, आपलंच केलेलं. तुम्हाले काहून सांगून राहिलो काय माहीत.

चूक माही नाही, भाऊ. गॅसच तसा, दार उघडलं की विझते. विझली तर... पेटवता येते म्हणा. माचिसच लागते एक —

तुमच्या मागं कानस हाये, ती द्या बरं. नाही, गुंडाले नाही, त्या रिबिटाले. गुंड उद्या न्या.