गोधडीखालचे सर

न्हाई, पन मी काय म्हनतो, दुसऱ्याच्या कॉटवर बसायच्या आधी मानसानं एकदा हात फिरवून बघावं का न्हाई? मांजर असतंय, सुई असती… एखाद्या वेळेस मानूस बी असतो. मी हुतो. नगरच्या प्रदर्शनात, मे महिन्यात, भर दुपारी, मीच शिवलेल्या डबलबेडच्या गोधडीखाली मी पालथा पडलो हुतो, आन् आमच्या हुनाऱ्या विहीनबाई माझ्या पाठीवर बसल्या. लाज वाटती हो सांगायला, पन तुमाला सांगतो.

मी बन्सी. काष्टीत माझं टेलरिंगचं दुकान. आता पँट कुनी शिवून घेतं का? मोबाईलवर मागवत्यात, लांब झाली की खालून दुमडायला तेवढी माझी आठवन. अशात गावात बायकांसाठी गोधडीचा वर्ग निघाला. शिकवनाऱ्या बाई नगरहून येनार हुत्या, त्या काय आल्याच न्हाईत, आन् मी गेल्तो तिथल्या मशिनीत तेल घालायला. बायका म्हनल्या, "बसा की, तुमीच दावा." बसलो. जुन्या लुगड्यांचे थर कसे लावायचे, टाका कडंनं सुरू करून आत कसा न्यायचा, हे आईच्या शेजारी बसून शिकलेलो. दावलं. तवापासून मी "सर" झालो. घरी बायको बी म्हनायची, "सर, दळन आनता का?"

मग प्रदर्शनं सुरू झाली. पुन्याला गेलो, नाशकाला गेलो. गोधडीपेक्षा लोक मलाच जास्त निरखायचे. एक मॅडम म्हनल्या, "अय्या, हे तुम्ही स्वतः शिवलंत? हातानं?" आता काय सांगावं… पायानं? पन आतून बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

आता खोट्याचंच सांगतो.

आमच्या ओंकारचं लग्न जमत नव्हतं. ट्रॅक्टरच्या शोरूमला नोकरी, घरची शेती, निर्व्यसनी, पन आजकाल मुली मिळत्यात का? तर कानिफनाथ म्हनून आमचा मित्र, त्यानं श्रीगोंद्याचं स्थळ आनलं. मुलगी निकिता, बी. कॉम. मुलीचे वडील रंगनाथ गुरुजी, हायस्कूलचे रिटायर मुख्याध्यापक. कानिफनाथानं तिकडं सांगितलं, "मुलाचे वडील सर हायेत." यात खोटं काय? काहीच न्हाई. पन गुरुजी आमच्या घरी आले, चष्मा पुसला आन् विचारलं, "सर, आपला विषय कोणता?"

मी कानिफनाथाकडं बघितलं, तो पोह्यात बघत हुता. मी काय म्हनावं? मी म्हनलो, "भूमिती."

आता तुमीच सांगा, त्रिकोन कापतो, चौकोन कापतो, कोपऱ्याला कोपरा जुळवतो… भूमितीच न्हाई का ती? गुरुजी खूश. "वा, भूमितीचा शिक्षक आता दुर्मिळ झाला हो." बायको सैपाकघराच्या दारात उभी राहून माझ्याकडं अशी बघत हुती की मी पोह्याची बशी खाली ठेवली. लाज वाटती सांगायला, पन त्या दिवशी मला वाटलं, गोधडी शिकवतो म्हनलं तर पोराचं लग्न मोडंल. बायकांत बसून ठिगळं लावनारा मानूस, असा व्याही कुनाला पायजे?

लग्न जवळजवळ ठरलं, आन् नगरचं प्रदर्शन आलं. मोठा हॉल, आमचा कोपऱ्यातला स्टॉल, मदतीला माझी विद्यार्थिनी रेश्मा. आयोजकांनी एक कॉट दिली हुती, तिच्यावर मी डबलबेडची गोधडी अंथरली. तिच्यात मी सगळा हिवाळा घालवला हुता. दुपारी जरा गर्दी कमी झाली, मी मान वर केली, तर दारातनं रंगनाथ गुरुजी आत येत्यात. मागं त्यांची मंडळी गोजरबाई, हातात कापड बाजारातल्या पिशव्या. मागं निकिता.

स्टॉलला मागनं वाट न्हाई. टेबल एवढंसं. पुढनं गुरुजी. मी रेश्माला म्हनलो, "मी न्हाई म्हनून सांग," आन् शिरलो की गोधडीखाली.

आत काय उकडत हुतं हो… स्वतःच्या हातानं घातलेला एकेक थर त्या दिवशी मला कळला. वरनं गोजरबाईंचा आवाज, "अगं बाई, ही गोधडी किती फुगलीय. आत काय भरलंय?" रेश्मा बिचारी म्हनली, "जुन्या साड्याच हायेत काकू… पन जरा जास्त झाल्यात." गुरुजी म्हनले, "शिवली कुणी?" "आमच्या सरांनी." "कुठं आहेत?" "बाहेर गेलेत." इथपर्यंत ठीक हुतं. पन गोजरबाई सकाळपास्नं बाजारात फिरून दमलेल्या. "टेकते गं जरा," म्हनल्या आन् टेकल्या.

माझ्या तोंडातनं आवाज निघाला. कसला, ते मला बी सांगता यायचं न्हाई. गोजरबाई किंचाळून उठल्या, आजूबाजूचे लोक धावले, आन् गुरुजींनी दोन बोटांनी गोधडीचा कोपरा हळूच वर केला.

"बन्सी सर?"

"नमस्कार," मी म्हनलो.

"आपण इथं काय करताय?"

"तपासतोय. आतून."

कुनी हसलं न्हाई. हसले असते तर बरं झालं असतं. रेश्माला वाटलं मानूस अडचनीत हाय, आपन चांगलं बोलावं. ती पुढं आली आन् मोठ्यानं म्हनली, "हे आमचे गोधडीचे सर. आमच्या गावच्या कितीतरी बायका यांच्यामुळं कमवाय लागल्यात." गुरुजींनी चष्मा काढला. "गोधडीचे? आणि भूमिती?" मी गोधडीकडं बोट केलं. त्रिकोन, चौकोन… गुरुजी मंडळींना घेऊन निघून गेले.

येताना एसटीत, विसापूर गेल्यावर, रेश्मा म्हनली, "सर, तुमाला आमची लाज वाटती का?"

मी म्हनलो, "न्हाई गं, पाव्हन्यांची जरा…"

"पाव्हन्यांपासनं काय लपवत हुता मग? आमालाच ना?"

आमच्या वर्गातल्या बायका जिथं जातील तिथं "आमचे सर, आमचे सर" करत्यात, आन् सर कुठं? अंथरुनात. त्या पोरीला मी काष्टी येईपर्यंत उत्तर दिलं न्हाई. अजून बी दिलेलं न्हाई, लाज वाटती.

घरी आल्यावर ओंकारला सगळं सांगितलं. वाटलं, पोरगं भांडंल. ते शांतपनं म्हनलं, "दादा, निकिताला मी पहिल्याच फोनला सांगितलं हुतं. तुमचे गोधड्यांचे फोटो तिच्याकडं हायेत. आईबापाला ती मुद्दाम घेऊन आल्ती तिथं, तुमचं काम दावायला."

म्हंजे बघा. सून सासऱ्याचं काम दावायला आई-बापाला घेऊन आली, आन् सासरा लपला कशाखाली, तर त्याच कामाखाली.

दुसऱ्या दिवशी मी श्रीगोंद्याला गेलो. एकटाच. कानिफनाथाला कळवलं बी न्हाई. गुरुजींच्या ओट्यावर उभा राहून म्हनलो, "मी शाळेत शिकवत न्हाई. माझं शिक्षन आठवी हाय. मी बायकांना गोधडी शिकवतो. तुमी विचारलं तवा मला लाज वाटली, म्हनून खोटं बोललो. पोराचा यात दोष न्हाई."

गुरुजींनी माझ्या चपलांकडं बघितलं. मग म्हनले, "बन्सीराव, गोधडीला माझी हरकत कधीच नव्हती. तुम्ही तिच्याखाली होतात, त्याला आहे." आन् आत हाक मारली, "चहा टाका."

जमलं लग्न. झालं बी. निकिता वर्गाचं सगळं ऑनलाइन बघती आता, फोटो टाकती, आन् प्रत्येक फोटोत मला पुढं उभं करती. लपायला जागाच ठेवली न्हाई पोरीनं.

सगळं चांगलं झालं, मग तक्रार कसली म्हनाल. तक्रार ही, की गोजरबाई चहा घेऊन बाहेर आल्या तवा म्हनल्या, "मी बी येते शिकायला." मला वाटलं, बोलन्यापुरतं असंल. आता दर गुरवारी श्रीगोंद्याहून सकाळच्या एसटीनं येत्यात, पहिल्या रांगेत बसत्यात, आन् टाका घालत्यात तो असा, जशी घोडनदी वळनं घेत चाललीय. बायका माझ्याकडं बघत्यात, रेश्मा माझ्याकडं बघती. सरांनी बोलायला पायजे, बरोबर हाय. पन सर मुलाकडचे असले तरी चूक सरांची झालीय, आन् विहीनबाईंना टाका उसवा म्हनायचं तोंड सरांकडं न्हाई. मी आपला चष्मा काढून ठेवतो आन् म्हनतो, "छान चाललंय, विहीनबाई."