बाईंच्या वर्गातली लाकडी जमीन

जमलेल्या सगळ्यांना नमस्कार. मला भाषण करता येत नाही. तरी बोलते, कारण मघाशी बाईंच्या या शोकसभेत एक घोषणा झाली आणि तुम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या.

देवयानीबाई तिसगावच्या. शेतकऱ्याची मुलगी. मुंबईत बॅले शिकल्या, परदेशातल्या मोठ्या रंगमंचांवर नाचल्या. आधीच्या वक्त्यांनी हे सविस्तर सांगितलं. मग त्या परत आल्या आणि केडगावात, याच हॉलमध्ये, शेवटपर्यंत मुलींना शिकवत राहिल्या. हे मात्र सगळ्यांनी एका वाक्यात उरकलं.

मी त्या मुलींतलीच एक. आजी मला सोडायला यायची. पहिल्याच दिवशी तिनं विचारलं, "बाई, चवड्यावर उभं राहून पोरगी करनार काय?"

बाई म्हणाल्या, "आजी, वरच्या फळीवरचा डबा काढंल. तुमचा हात पुरतो व्हय?"

आजी हसली. मी शिकले.

पुढे मी बांधकाम अभियंता झाले. ही लाकडी जमीन बाईंनी माझ्याकडून करून घेतली. फळ्यांखाली रबर आहे, मध्ये पोकळी आहे. उडी मारून खाली आलं की जमीन किंचित दबते, धक्का स्वतःकडे घेते. बाईंचे गुडघे तरुणपणी सिमेंटवर सराव करून गेले. नंतर त्या खुर्चीत बसून शिकवायच्या. म्हणायच्या, "माझं झालं ते झालं. या पोरींचं न्हाई होऊ द्यायचं."

आणि घोषणा काय झाली? बाईंच्या स्मरणार्थ ही जमीन उखडायची. ग्रॅनाइट बसवायचं. मध्यभागी पुतळा.

अण्णा, तुम्ही संस्थेचे अध्यक्ष. तुम्हाला बाईंबद्दल आदर आहे, हे मला माहीत आहे. म्हणून तर हा बेत कानावर आल्यावर काल तुमच्या घरी आले होते. तुम्ही म्हणालात, "आगं, लाकूड म्हंजे तात्पुरतं. बाईंच्या नावाला शोभंल असं दगडाचं पायजे."

अण्णा, त्या ग्रॅनाइटवर उड्या मुली मारणार आहेत. पुतळा नाही.

आपण बाईंना शाली दिल्या. नारळ दिले. प्रत्येक गॅदरिंगला समई लावायला बोलावलं. त्या शाळाशाळांत नृत्याचा एक तास मागत फिरल्या, तेव्हा आपण म्हणालो, पुढच्या वर्षी बघू. दरवर्षी पुढच्या वर्षी. बाई चिडायच्या नाहीत. मी चिडते.

या पुढच्या रांगेतल्या मुली सोमवारी वर्गाला येतील. वर्ग आता आम्ही जुन्या विद्यार्थिनी घेणार आहोत. या मुलींनी कशावर उडी मारायची? बैठकीत बघू, असं नको. आत्ता सांगा, सगळ्यांसमोर.

मी थांबते, अण्णा. तुमचं उत्तर आलं की आपण सगळे उभे राहू आणि बाईंसाठी दोन मिनिटं शांत राहू.

त्याआधी शांत राहणं मला जमणार नाही.