बारांपैकी सात

सन्माननीय अध्यक्ष श्रीमान शिवलिंगप्पा शेटजी, व्यासपीठावरील मान्यवर मंडळी, आजचे सत्कारमूर्ती आणि आमचे उस्ताद हवालदार महिपतराव रुपनवर, पुढच्या ओळीत बसलेल्या त्यांच्या पत्नी सोजरबाई काकी, पलटणीतले पेन्शनर बांधव आणि सोलापूरकर बंधुभगिनींनो,

मी वळसंगचा कोंडीबा. बोलणाऱ्यांच्या यादीत माझं नाव नव्हतं. पण मघाशी मानपत्र वाचताना ‘ज्यांचा नेम आयुष्यात कधी चुकला नाही’ असं एक वाक्य आलं आणि आपण टाळ्या वाजवल्या. तेव्हा उस्ताद माझ्याकडं वाकून म्हणाले, “हे खोटं हाय. तुला ठावं हाय. ऊठ आन् सांग.” अध्यक्षमहाराजांनी परवानगी दिली म्हणून उभा आहे. इतक्या सुरेख अक्षरात मानपत्र लिहिणाऱ्या गुरुजींची मी आधीच माफी मागतो.

या शहरानं सहा वर्षांपूर्वी, मार्शल लॉच्या दिवसांत, गोळीचा आवाज ऐकला आहे. हत्यार शिकवणाऱ्या माणसाचं कौतुक इथं सहज होत नाही, हे मी जाणतो. तरी आपण आलात, हा आपला मोठेपणा.

नातेपुत्याचे महिपतराव वीस वर्षं आमच्या पलटणीत रंगरुटांना, म्हणजे नव्या भरतीच्या पोरांना, पिस्तूल शिकवत होते. मीही त्यांचाच रंगरूट. ते जुनं पिस्तूल म्हणजे लोखंडाचा गोळाच. गोळी सुटली की मनगटाला असा हिसका बसायचा, की पहिल्या दिवशी माझ्या हातून ते खाली पडलं. उस्तादांनी उचललं, पुसलं, पुन्हा हातात दिलं. रागावले नाहीत.

दोन वर्षांपूर्वी नवं पिस्तूल आलं. हलकं, लहान काडतुसाचं. वरून हुकूम आला, की शिकवणाऱ्या प्रत्येकानं आधी स्वतः परीक्षा द्यायची. बारा गोळ्या, आठ निशाणावर. जो नापास होईल त्यानं शिकवायचं नाही, कोठारावर जायचं. आणि ती परीक्षा घ्यायला कोणाला नेमावं? ज्याला नवं पिस्तूल शिकायला बाहेर पाठवलं होतं त्याला. म्हणजे मला.

उस्ताद चांदमारीला, नेमबाजीच्या मैदानावर, उभे राहिले. अंगावर कडक इस्त्रीचे कपडे, उभं राहणं तेच जुनं. पण गोळ्या खाली जायला लागल्या. जुन्या पिस्तुलाचा हिसका दाबून धरायची मनगटाला वीस वर्षांची सवय; नव्याला हिसकाच नव्हता, तरी मनगट दाबतच होतं. मी निशाणाजवळ जाऊन भोकं मोजली. सात. आठवं रेघेच्या खाली, बोटभर अंतरावर.

मंडळी, त्या वेळी आपण असता तर काय केलं असतं? ज्यानं मला हत्यार धरायला शिकवलं त्याला मी कोठारात पाठवू? मी कागदावर आठ लिहिले.

मागं वळलो तर उस्ताद तिथंच उभे. त्यांनी निशाण पाहिलं, कागद पाहिला. मग हळू म्हणाले, “सात लिही, कोंडीबा. उद्या माझ्या शब्दावर पोरं हत्यार उचलतील. त्येंच्यातलं एखादं माझ्या चुकीपायी मेलं, तर तू आन् मी कुटं तोंड दाखवायचं?”

मी आठ खोडून सात लिहिले.

ते कोठारावर गेले. काकी सांगतात, त्या आठवड्यात ते घरी जेवणापुरतेच बसत. पुढच्या सोमवारी सकाळी मी नवी तुकडी घेऊन चांदमारीवर गेलो. अठरा-अठरा वर्षांच्या पोरांच्या रांगेत, अगदी शेवटी, पिकल्या मिशांचे उस्ताद उभे होते. साहेबांची परवानगी काढून आले होते. मला हुकूम देता येईना. तेव्हा रांगेतून तेच म्हणाले, “उस्ताद, हुकूम द्या. रंगरूट थांबलेत.”

मला ‘उस्ताद’ म्हणाले ते, सगळ्यांसमोर.

चार महिने ते रोज आले. आधी काडतुसाशिवाय नुसता चाप ओढायचे, मनगटावर दुसऱ्या हाताची बोटं ठेवून. एकदा माझ्याकडून ओरडणं झालं, तर “बराबर हाय” म्हणाले आणि पुन्हा हात वर केला. दुसऱ्या परीक्षेला बारांपैकी अकरा लागले. या वेळी भोकं मोजायला मी स्वतः गेलो नाही, दुसऱ्याला पाठवलं. मला माझा भरवसा नव्हता.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत त्यांनी किती तुकड्या शिकवल्या, ते मानपत्रात आहेच. त्यात नाही ते एवढंच: प्रत्येक तुकडीला पहिल्या दिवशी, हातात पिस्तूल देण्याआधी, ते सांगत, “मी ह्याच्यात नापास झालतो. म्हणून तुमी कुटं चुकाल ते मला ठावं हाय. भिऊ नका.”

भिणारी पोरं मग भीत नसत. मी पाहिलंय.

अध्यक्षमहाराजांचे, संयोजकांचे, आणि या माणसाला इतकी वर्षं पलटणीकडं सोपवणाऱ्या सोजरकाकींचे मी मनापासून आभार मानतो. शिपायाची जीभ आहे. शब्द कमीजास्त पडला असेल तर सभेनं पोटात घालावा. आणि खोटा आकडा लिहिल्याची माफी मी आजवर ज्यांच्याकडं मागितली नाही, त्यांच्याकडं ती सगळ्यांदेखत मागतो.

उस्ताद, जागेवर जायला परवानगी असावी.