पट्टीखालचा रंग वहिनीचा

माय-बापहो, भावांनो, सुनंदावहिनी,

तुम्ही माइक दिला हातात, पण मी युसूफ सुतार. मले रंधा मारता येते, भाषण नाही. त्यात गजूभाऊच्या फोटोसमोर उभं केलं. कसं बोलाव, तुम्हीच सांगा! मागच्या आठवड्यात छातीत कळ आली आन् दवाखान्यात नेता नेता आपला गजूभाऊ पेंटर गेला. आदल्या दिवशी माझ्या दुकानात बसून हासत होता. हासत होता, बाप्पा!

रडू नंतर. आज मी एकाच गोष्टीसाठी उभा राह्यलो. गजूभाऊच्या मागं वहिनीचं काम बंद पाडू नका.

मारेगावात गजूभाऊची भिंत कोणाले माहीत नाही? खाली गडद ऑइल पेंट, वर फिक्का क्रीम, मधात माझी सागवानी नक्षीची पट्टी. पट्टी किती उंच लावाची, यासाठी त्यानं कधी टेप काढला नाही. घरातल्या सगळ्याइले भिंतीले टेकून खाली बसवे. म्हातारे, सुना, लेकरं, सगळे. ज्याचं डोकं सर्वात उंच, त्याच्या थोडं वर पेन्सिलची खूण. म्हणे, "युसूफ, लोक टेकणारच. डोक्याच्या तेलाचा डाग गडद रंगात लपते. वर गेला का घरभर दिसते."

विठ्ठलकाका, तुम्ही समोरच बसले. तुमच्या घरची गोष्ट सांगतो, रागावू नका. तुमच्या बैठकीत गजूभाऊनं सगळे बसवले, जावई तेवढे राह्यले. दिवाळीले जावई आले. चांगला लंबा गडी, डोक्याले चमेलीचं तेल चोपडलेलं. टेकले! पट्टीच्या वर, क्रीम रंगावर, हा एवढा मोठा डाग. काकूची पंचाईत. जावयाले बोलाव कसं?

गजूभाऊ तर पोट धरून हासला. वहिनीनं मात्र त्याले असं झाडलं का विचारू नका. "जावई काय एका दिवसाचा पाहुणा होय? दरवर्षी टेकणारा माणूस तो! त्याले काहून नाही बसवलं?"

मंग मी पट्टी काढली, वर सरकवली. आन् खालचा रंग वर कोणी चढवला? वहिनीनं. जुना रंग कुठं संपला, नवा कुठं लागला, जाऊन दाखवा मले. तुम्हाले वाटे वहिनी डबे उचलाले येते, ब्रश धुवाले येते. अरे, पट्टीच्या वरचं गजूभाऊचं आन् खालचं सारं वहिनीचं. पहिल्यापासून. मी रोज पाहून राह्यलो ना!

हे आज काहून सांगतो? परवा काका मले म्हणाले, "युसूफ, माडीवरच्या खोलीत वरचा रंग झाला, खालचा राह्यला. दुसरा पेंटर पाह्य." काका, कायले दुसरा? खालचा रंग देणारी जित्ती हाय. इथंच बसली हाय. अजूनही काही जणाइनं कामं दुसऱ्याकडे फिरवली. म्हणे, एकटी बाई काय करीन? मले राग आला, खरं सांगतो. माणूस गेला तिचा, हात नाही गेले.

आज सकाळी मी वहिनीकडे गेलतो. म्हटलं, काकाची खोली पुरी करा. तर म्हणते, "खालचं करतो भाऊ, डोळे झाकून करतो. पण पुढच्या घरी वरचं कोण करीन? घोडीवर, त्या लाकडी शिडीवर चढलं का मले गरगरते. मी खाली बसून ब्रश मारो, ते वरून बडबड करत. आता वर पाह्यलं का कोणीच नाही दिसत."

चहा अर्धा ठेवून उठलो. दिवसभर तेच डोक्यात. आता सगळ्यासमोर सांगतो. वहिनी, तुम्ही चढा. हळू हळू चढा, आज एक पायरी, उद्या दुसरी. घोडी मी धरतो. आन् वरून बडबड कराची तर करा, मी ऐकीन खालून.

झालं माझं. गजूभाऊ, माझा सलाम घे रे गड्या.

आता सगळे उभे राहा. थोडा वेळ कोणी बोलू नका, त्याच्यासाठी. आन् मंग काका, सर्वात पहिले तुम्ही वहिनीपाशी जा, आन् कामाले कधी येते ते विचारा.