अकरा शहरांचा ताप

(फ्रीसलंडमधलं एक खेडं, जानेवारी १९९७. कालवे गोठलेत. हिल्के पलंगावर, बायको चित्स्के उशाशी. बेकरीचा मालक विब्रेन समाचाराला आलाय.)

विब्रेन : ताप मोजलास?

हिल्के : मोजला, मालक. चांगलाच आहे.

विब्रेन : आणि पलंगाखाली काय चमकतंय?

चित्स्के : स्केट्स. आत्ताच धार लावून आणलेत. बायको झाले म्हणून किती खोटं बोलू?

विब्रेन : वा! उद्या अकरा शहरांची दोनशे किलोमीटरची स्केटिंगची शर्यत, आणि आजच बरा ताप आला!

हिल्के : अकरा वर्षांपूर्वीच्या शर्यतीलाही असाच आला होता. तेव्हा तुम्हीच सरकारी कचेरीत फोन केलात. ‘पोरगं फणफणलंय हो’ म्हणून.

विब्रेन : तेव्हा आजाऱ्याचा पगार सरकार द्यायचं.

चित्स्के : म्हणजे सरकारच्या पैशानं आला तर ताप, तुमच्या पैशानं आला की नाटक!

विब्रेन : गेल्या मार्चपासून ते लोढणं सरकारनं आमच्या गळ्यात अडकवलंय. त्यात माझा काय दोष?

हिल्के : मग पगार कापा. बिनपगारी रजा लिहा.

विब्रेन : पगार घाल चुलीत! उद्या शर्यत आपल्याच पुलाखालून जाणार. बघायला हजारो माणसं येतील, गारठलेली, भुकेली. भट्टीवर मी एकटाच मरू?

हिल्के : मालक, मी आता अडतीसचा. बर्फ पुन्हा एवढा कधी धरेल, कुणी सांगावं? पुढच्या वेळी मी पुलावर उभा राहून टाळ्या पिटत असेन. नुसत्या विचारानं रडू येतं हो.

चित्स्के : भट्टीवर मी येते. साखरपाव येतो मला.

विब्रेन : तुझा साखरपाव खाल्लाय मी.

चित्स्के : जगलात ना?

विब्रेन : फोन दे इकडे.

हिल्के : कुणाला लावताय?

विब्रेन : कचेरीला... छे, सवय जात नाही मेली! आता आजार कळवायचा तो मलाच. बोल, काय होतंय?

हिल्के : फ्लू.

विब्रेन : किती दिवसांचा?

हिल्के : दोनशे किलोमीटरचा.

विब्रेन : बरं. पगारी लिहितो. आता गुमान झोप, पहाटे लवकर उठून आजारी पडायचंय तुला.