गिरजाबाईंच्या वाफ्यात ओतलेले ऑइल

मी सत्यभामा जानराव मेश्राम, वय ५१, धंदा शिवणकाम, राहणार खुर्सीपार, भिलाई. ठाण्यात समक्ष हजर राहून सांगते की,

माझ्या घराला लागून गिरजाबाईंचे घर आहे. मध्ये कमरेइतकी भिंत. माझे पती गॅरेजमध्ये कामाला आहेत. दरवर्षी चौदा एप्रिलच्या आधी ते गाड्यांचे जळके ऑइल आणतात आणि मी ते अंगणभर शिंपडते. धूळ बसते, वाळवी लागत नाही. अकरा वर्षे असे चालू आहे. गिरजाबाई शिंपडत नाहीत. त्यांच्याकडे पालापाचोळा, शेण, गांडुळे. मी त्यांना नावे ठेवत असे.

माझी मुलगी प्रेरणा, वय २२, कॉलेजसाठी वर्षभर दोन्ही अंगणांतली माती तपासत होती. चाळणीत माती ठेवून ती वर बल्ब लावते. मातीतले बारीक जीव उष्णतेने खाली बाटलीत पडतात, ते ती भिंगातून मोजते. जुलैत ओंजळभर मातीत गिरजाबाईंकडे तीनशे बारा निघाले, आमच्याकडे नऊ. ती म्हणाली, "आई, ऑइलनं आपली मिट्टी मरून राहिली. काकूच्या मातीत देख, किती जान हाय." तेव्हापासून ती कॉलेजातून आली की तिकडेच बसते. हसण्याचा आवाज येतो. गिरजाबाईंना जेवल्या का विचारते. मला विचारत नाही. माझ्या पोटात दुखले, हे मी लपवत नाही.

दि. ९ ऑगस्ट रोजी सकाळी अकराच्या सुमारास गिरजाबाई रेशनला गेल्या असताना मी भिंतीवरून वाकून पाच लिटरचा डबा त्यांच्या वांग्याच्या वाफ्यात रिकामा केला. वांग्यांशी माझे वैर नाही. त्यांचेही नऊच निघावेत, एवढेच मनात होते.

गिरजाबाई म्हणाल्या, "जाऊ दे न सत्यभामा, मले नाई करा लागत तक्रार." तक्रार प्रेरणाने दिली आहे. तिची शेवटची मोजणी त्याच वाफ्यातली राहिली होती. वर्षाचे काम वाया गेले. तीन दिवस ती माझ्याशी बोललेली नाही.

मला वाचता येते. तरी हा जबाब प्रेरणाने वाचून दाखवावा, अशी विनंती मी हवालदारसाहेबांना केली. तिने तो पहिल्या ओळीपासून वाचला. 'त्यांचेही नऊच निघावेत' इथे थोडी थांबली, मग पुढे वाचला. तीन दिवसांनी तिचा आवाज ऐकला. मी सांगितले तसेच लिहिले आहे, त्यात खोटे काही नाही.